मास्तरांच्या गालावरचे जिवाणू

चाचणी सुरू होऊन दीड महिना झाला होता, तेव्हा महानंदा बिराजदार यांच्या डाव्या तळहातावर एक जिवाणू सापडला. तो तिथे असण्याचं काहीच कारण नव्हतं. सापडला तो त्यांच्या मुलीलाच, वैजयंतीला. आणि हा तळहात आपल्या आईचा आहे, हे सुरुवातीला तिलाही कळलं नव्हतं.

सोलापुरात होटगी रोडला वैजयंतीचं त्वचा-चाचणी केंद्र होतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्या आपली क्रीमं तिच्याकडे पाठवत, कारण सोलापूरसारखं ऊन त्यांच्याकडे नव्हतं. एप्रिलमध्ये सात रस्त्याच्या चौकातला ऊन-फलक सकाळीच लाल व्हायचा आणि लोकांच्या फोनवर ‘सावलीत जा’ असा संदेश यायचा. इथे जे टिकेल ते कुठेही टिकेल, असा कंपन्यांचा विचार.

त्या उन्हाळ्यात ‘सौरजा’ या कंपनीने तीन क्रीमांची तुलना करायला दिली. तिन्हींवर ठळक अक्षरांत ‘व्हिटॅमिन सी’ लिहिलेलं. सहभागी व्हायला लोक हवे होते, आणि महानंदाबाईंनी पहिल्याच दिवशी हात वर केला.

“घरच्यांना नको गं,” वैजयंती म्हणाली.

“का? बाहेरच्यांना फुकट क्रीम आणि आईला ठेंगा?” महानंदाबाई सरकारी दवाखान्यात तीस-पस्तीस वर्षं सिस्टर होत्या. नियम त्यांना मुलीपेक्षा जास्त पाठ होते. “मला नंबर दे. मी कोण ते तुझ्या मशीनला कळणार नाही, झालं. नियमात बसतंय.”

नियमात बसत होतं. नावं पुण्याच्या कचेरीत कुलूपबंद राहायची, केंद्रात फक्त नंबर. वैजयंतीने हात टेकले.

रात्रीची भाकरी खाता खाता महानंदाबाईंनी विचारलं, “तिन्हींत सीच आहे, तर मग तीन कशाला?”

“कारण सी म्हणजे एक वस्तू नाही, आई. पहिल्या क्रीमात शुद्ध सी आहे, ॲस्कॉर्बिक आम्ल. काम चोख करतं. उन्हानं त्वचेत जी मोडतोड होते ती थांबवतं, डाग हलके करतं. पण हवा लागली, उजेड लागला, की सफरचंदाची फोड तांबूस होते तसं तेही तांबूस होतं आणि मग त्याचा उपयोग संपला. त्याला धरून ठेवायला व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक आम्ल घालतात, तेवढ्यानं थोडे दिवस जास्त मिळतात. शिवाय चुरचुरतं.”

“आणि दुसरं?”

“दुसऱ्यात त्याच सीला साखरेचा एक तुकडा जोडलाय. त्यामुळे ते बाटलीत खराब होत नाही. पण त्वचेवर गेल्यावर तो तुकडा कोणीतरी तोडायला हवा, तेव्हा सी मोकळं होणार. हे काम त्वचेलाच करावं लागतं, आणि ती सावकाश करते. शंभरातलं थोडंच कामाला येतं.”

“म्हणजे एक तापट आणि एक आळशी. तिसरं?”

वैजयंती हसली. तिला स्वतःलाही तिसऱ्याचंच अप्रूप होतं. “शेळीला कधी संत्र्यासाठी अडून बसलेली बघितलंयस?”

“शेळी काय मिळेल ते खाते.”

“तिला सी खावंच लागत नाही. तिच्या यकृतात ते बनतं. बहुतेक सगळे प्राणी घरच्या घरी बनवतात. माणूस, माकडं, गिनीपिग, काही वटवाघळं, असे थोडेच करंटे. आपल्याकडेही ते बनवणारा जीन आहे, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी तो बिघडला आणि तसाच पडून राहिला. कंपनीनं काय केलं, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर एक साधा निरुपद्रवी जिवाणू असतो ना, त्याला शेळीचा तो जीन दिला, आणि जोडीला लागणारी थोडी सामग्री. आता तो घामातली किंचित साखर घेतो आणि गालावर बसून दिवसभर ताजं सी बनवतो. बाटलीत खराब व्हायचा प्रश्नच नाही.”

“आणि तो जंतू गावभर पसरला तर?” सिस्टर जाग्या झाल्या.

“त्याची सोय केलीय. त्याला एक खास खाद्य लागतं. ते फक्त त्या क्रीमात असतं, जगात दुसरीकडे कुठे नाही. क्रीम लावलं नाही तर तो दीडेक दिवसात मरतो. आणि प्रत्येक डबीतल्या जिवाणूंवर वेगळी खूण आहे, ताग्यावर गिरणीचा शिक्का असतो ना, तशी. कुठे सापडला तर कुठल्या डबीतला ते कळतं.”

“कंपनीनं सांगितलंय की तू बघितलंयस?”

“तेच तर बघायला दिलंय.”

आणि दीड महिन्यानं तिने बघितलं.

सगळ्या सहभागी लोकांच्या गालांवरून आणि तळहातांवरून कापसाचा बोळा फिरवून नमुने घ्यायचे, ते यंत्रात घालायचे, हा आठवड्याचा क्रम होता. नमुने आणि फोटो मदतनीस घ्यायच्या, वैजयंतीकडे फक्त नंबर यायचे. त्या दिवशी यंत्राने एका नंबरापुढे पिवळी खूण केली. ही बाई पहिल्या गटातली, म्हणजे शुद्ध सीवाली. तिच्यावर जिवंत जिवाणू असायला नकोच. पण डाव्या तळहातावर होते, भरपूर. डाव्या गालावरही थोडे होते. उजव्या हातावर जवळजवळ नाहीतच.

वैजयंतीला वाटलं, हिने कोणाची तरी डबी वापरली. तिने पुन्हा तपासलं. डबी वापरली असती तर जिवाणूंचं ते खास खाद्यही त्वचेवर सापडलं असतं, आणि ते औषधालाही नव्हतं. म्हणजे क्रीम नाही, नुसता स्पर्श. आणि जिवाणू दीड दिवसात मरतात, तरी मागच्या तीन आठवड्यांच्या नमुन्यांत ते बारीक प्रमाणात होतेच. म्हणजे हा स्पर्श रोजचा होता.

तिने त्या नंबराचा चेहऱ्याचा फोटो मोठा केला. यंत्राला त्वचाच दिसत होती, डाग, सुरकुत्या, छिद्रं. वैजयंतीला मात्र हनुवटीखाली एक अर्धचंद्रासारखा व्रण दिसला. स्टोव्ह भडकला होता तेव्हाचा. लहानपणी या व्रणावर बोट ठेवून ती झोपायची.

ती खुर्चीत मागे टेकून बसली.

डबीतला जिवाणू बाहेर सापडला तर त्या डबीचं नाव उघडायचा अधिकार तिला होता. तिने तो वापरला. पडद्यावर आलं: पुरुषोत्तम येमूल, पद्मावती अपार्टमेंट, तिसरा मजला.

पद्मावतीच्या दुसऱ्या मजल्यावर ती आणि आई राहत होत्या.

येमूल मास्तर म्हणजे वरचे शेजारी. चादरींच्या कारखान्यात ते डिझाइन मास्तर होते. सोलापुरी चादरीवरचे मोर, वेली, कमळं ते आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढायचे आणि मग माग ती नक्षी विणायचा. पत्नी जाऊन सात-आठ वर्षं झालेली. मुलगा श्रीनिवास हैदराबादला. वैजयंतीचं आणि त्यांचं बोलणं जिन्यात, “काय काका, बरं आहे ना?” एवढंच. आई त्यांच्याकडे कधी गेलेली तिने पाहिली नव्हती. अर्थात ती स्वतः सकाळी साडेसातलाच केंद्रावर जायची.

घरी आल्यावर तिने आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, “दिवसभर काय करतेस गं तू?”

“काय करणार? पेपर वाचते, भाजी निवडते.” महानंदाबाईंनी डावा गाल डाव्या तळहातावर टेकवला होता. पेपर वाचताना त्या नेहमी तशाच बसायच्या. “का? आज मध्येच माझी चौकशी करायलीस?”

गालावर जिवाणू कुठून आले ते वैजयंतीला तिथल्या तिथे कळलं. तळहातावर कुठून आले ते नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी निघाली, कोपऱ्यावर चहा घेतला आणि परत आली. आपल्या दाराला कुलूप होतं. तिसऱ्या मजल्यावर येमूलांचं दार वाऱ्यासाठी उघडं होतं. आतून आईचा आवाज आला, अगदी वॉर्डातला आवाज.

“मान वर. अजून वर. आणि गप्प बसा, ओठाजवळ आलेय मी.”

गॅलरीत वेताच्या खुर्चीवर मास्तर बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, तोंडभर फेस. महानंदाबाई डाव्या हाताने त्यांचा गाल ताणून धरून उजव्या हातातल्या रेझरने दाढी करत होत्या. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि उजवा हात आपला आपण हलत होता, कोणी न दिसणारा ताल धरल्यासारखा.

वैजयंती दारातच उभी राहिली. तिला परत फिरायचं होतं, पण मास्तरांनी तिला पाहिलं आणि ते दचकले.

“हलू नका म्हटलं ना!” महानंदाबाई ओरडल्या, आणि मग मागे वळल्या.

फेसाचा एक गोळा मास्तरांच्या हनुवटीवरून टॉवेलवर पडला.

“ऑफिस बुडवून काय करायलीस इथं?” महानंदाबाई म्हणाल्या. हल्ला हाच बचाव, हे त्यांचं जुनं धोरण.

“तुझ्या हातावरचे जिवाणू शोधायला आलेय,” वैजयंती म्हणाली. आणि तिला एकदम हसू फुटलं. तिचं तिलाच नवल वाटलं, कारण जिना चढताना तिला राग आला होता, आपल्याला काहीच कसं सांगितलं नाही याचा. पण फेस लावलेल्या मास्तरांसमोर हातात रेझर घेऊन उभ्या असलेल्या आईकडे बघून तो राग कुठल्या कुठे गेला.

अर्ध्या दाढीनिशी मास्तरांनी सगळं सांगितलं. हाताची थरथर दोन वर्षांपासूनची. गोळ्या चालू आहेत, आजार फार वाढलेला नाही, पण रेझर धरवत नाही, मशीन धरलं तरी हात उडतो. एकदा गाल कापून घेतला तेव्हा महानंदाबाईंनी जिन्यात रक्त पाहिलं, हाताला धरून वर नेलं, मलमपट्टी केली आणि उद्यापासून मी येते म्हणाल्या.

“ऑपरेशनच्या आधी किती जणांच्या दाढ्या केल्यात मी वॉर्डात,” महानंदाबाई म्हणाल्या. “त्यात काय एवढं.”

“रोज येतेस?”

“दाढी रोज वाढते.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

महानंदाबाईंनी रेझर मगातल्या पाण्यात खळबळला. “मास्तरांनी शपथ घातली होती. श्रीनिवासला कळलं तर तो यांना घेऊन जाईल म्हणून. आणि…” त्या जरा थांबल्या. “आणि मला कोणाला सांगायचंच नव्हतं गं. माझं एकटीचं काहीतरी होतं ते.”

वैजयंतीने खुर्ची ओढली आणि ती बसली. “दाढी पूर्ण कर आधी. मग एक अडचण आहे ती सांगते.”

अडचण अशी होती. जिवाणू डबीबाहेर गेला, हे अहवालात लिहावं लागणार. आणि तसं झालं की त्या माणसाच्या जवळच्या नातेवाइकाला कंपनी कळवते, कसं झालं त्या खुलाशासकट. मास्तरांचा जवळचा नातेवाईक म्हणजे श्रीनिवास.

त्याच दुपारी सौरजाच्या निरंजन फाटकांचा फोन आला. त्यांना यंत्राची पिवळी खूण पुण्यात बसून दिसली होती.

“मॅडम, डब्यांची अदलाबदल झाली असणार. तो नंबर वगळू या ना. तिसरं क्रीम बाकी सगळ्यांत पुढे आहे, तुम्हीच बघताय.”

“पुढे आहेच. चौपट सी आहे लोकांच्या गालावर. पण अदलाबदल झालेली नाही. मी खाद्य तपासलं.”

“एका नंबरासाठी परवानगी अडेल हो! ‘स्पर्शाने पसरत नाही’ हे आपलं मुख्य वाक्य आहे.”

“ते वाक्य चुकीचं आहे, फाटकसाहेब. रोज स्पर्श असेल तर पसरतं.”

“पुढच्या वर्षीच्या चाचण्या दुसऱ्या केंद्राला द्याव्या लागतील,” फाटक हळूच म्हणाले.

वैजयंतीने फोन ठेवला. केंद्राचं अर्धं काम सौरजाचं होतं. पण तिला त्याहून जास्त वाईट मास्तरांचं वाटत होतं. खरं लिहायचं तर एका म्हाताऱ्या माणसाचं घर सुटणार, आणि आईचं ते एकटीचं काहीतरीही.

संध्याकाळी ती वर गेली. मास्तर आणि महानंदाबाई दोघंही तिची वाटच बघत होते.

“लिही तू,” महानंदाबाई म्हणाल्या. “माझ्या हातावर जंतू होता तर होता. उद्या कोणाच्या तान्ह्या बाळाच्या गालावर जाईल. कळायला नको लोकांना?”

“आणि श्रीनिवासला मीच सांगतो,” मास्तर म्हणाले. “कंपनीचं पत्र जाण्याआधी.”

त्यांनी मुलाला फोन लावला आणि थरथरता हात कॅमेऱ्यासमोर धरला. श्रीनिवासने रात्रीची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर होता. नेमकी दाढी चालू होती.

तो बूट काढून आत आला. मग म्हणाला, “बाबा, दोन वर्षं? आणि मला पत्ता नाही?”

“तू घेऊन गेला असतास.”

“मग? नेलंच असतं! एकटे कसे राहणार तुम्ही? आणि हैदराबादला दाढी करणारी माणसं नाहीत का?”

“आहेत ना,” मास्तर म्हणाले. “महानंदाबाई नाहीत.”

महानंदाबाईंचा हात थांबला. चेहरा कानापर्यंत लाल झाला, त्याला कोणत्याच क्रीमाचा इलाज नव्हता. “मास्तर, मिशी कापली जाईल माझ्या हातून,” त्या पुटपुटल्या आणि फेस आणायच्या निमित्ताने आत गेल्या. फेस तर समोरच होता.

श्रीनिवासने वैजयंतीकडे पाहिलं, वैजयंतीने श्रीनिवासकडे. दोघंही चाळिशीची, दोघंही इतकी वर्षं आपल्या आईबापांना सांभाळतोय अशा समजुतीत. तो आधी हसला.

“तुमच्या आईंना काय आवडतं?” त्याने हळूच विचारलं. “म्हणजे, मी रिकाम्या हाताने आलोय.”

“शेंगाचटणी सोडून काहीही आणा. ती घरची लागते.”

अहवाल गेला. सौरजाने चाचणी थांबवली, फाटकांनी तीन महिने फोन उचलला नाही, आणि वैजयंतीने केंद्रातली एक खोली बंद केली. पण सरकारी समितीने तो अहवाल वाचून स्वतःच नवी तपासणी लावली. मुद्दाम एकत्र राहणारी कुटुंबं घेतली, लहान मुलं, आज्या, नवविवाहित जोडपी. वर्षभराने निष्कर्ष आला: जिवाणू माणसांपासून माणसांकडे जातो, पण फक्त रोज जवळ असणाऱ्यांकडेच, बस-बाजारातल्या धक्क्याने नाही. कोणाला काही इजा नाही, आणि क्रीम थांबवलं की दोन दिवसांत घरभरातून नाहीसा. उलट घरातल्या एकानेच लावलं तरी इतरांच्या त्वचेला थोडा फायदा होतो.

फाटकांचा फोन आला तेव्हा ते दुसरेच फाटक वाटत होते. “मॅडम, ‘घरात एक डबी पुरे’! काय जाहिरात होईल बघा! आणि अजून एक कल्पना आहे. प्रत्येक डबीची खूण असतेच ना? फोनला जोडायची छोटी पट्टी काढतो. गालावर लावली की कळणार, तुमच्या गालावर कोणाचे जिवाणू आहेत! तरुण पोरं वेडी होतील.”

वैजयंतीच्या डोळ्यांसमोर आलं, ते फक्त तरुण पोरं नव्हती. संशयी नवरे होते. सुनेच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या सासवा होत्या. मुलीच्या गालावर पट्टी दाबणारे बाप होते. आणि दुसऱ्या मजल्यावरची एक बाई, जिला काहीतरी फक्त स्वतःचं हवं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “विकायच्या डब्यांत खूण नको. एकही नको. मी समितीला तसंच लिहून देतेय.”

“अहो, पण का? तुम्हीच तर त्या खुणेवरून शोधलंत!”

“म्हणूनच सांगतेय. मला कळलं ते चांगलं निघालं. दर वेळी तसं निघणार नाही.”

समितीने तिचं ऐकलं. बाजारात क्रीम आलं ते बिनखुणेचं. कोणाचा गाल कोणामुळे उजळला हे जगातल्या कोणत्याही यंत्राला सांगता येणार नव्हतं, आणि लोकांनी ते आनंदाने एकमेकांना विचारायला सुरुवात केली. सोलापुरात तर दोघं जरा जवळ बसलेली दिसली की कोणीतरी ओरडायचं, “काय बे, डबी वाचवायलास का?” वैजयंतीची बंद खोली पुन्हा उघडली. ज्या केंद्राने कंपनीला नाही म्हटलं, त्या केंद्राचा शिक्का आता कंपन्यांना हवा होता.

मास्तर आणि महानंदाबाईंचं लग्न जानेवारीत झालं. गड्ड्याची जत्रा भरली होती, म्हणून श्रीनिवास बायको-मुलांना घेऊन आठवडाभर आला. नोंदणी कचेरीत मास्तर मुद्दाम शिवलेला पांढरा सदरा घालून बसले होते, गाल तुळतुळीत. महानंदाबाई जांभळी इरकल नेसल्या होत्या आणि कारकुनाला सारख्या विचारत होत्या, अजून किती वेळ.

“इथं सही करा आजोबा,” कारकून म्हणाला. “डावीकडे वर, उजवीकडे वधू.”

मास्तरांनी पेन घेतलं. महानंदाबाईंनी त्यांचं मनगट धरायला हात पुढे केला.

“स्वतःची स्वतः करायची,” कारकून म्हणाला.

“करतो, करतो,” मास्तर म्हणाले. ज्या हाताने आयुष्यभर चौकोनातून रेघही बाहेर जाऊ दिली नाही, तो हात कागदावर टेकला आणि चालू लागला. ‘पु’ बरा आला. ‘रुषोत्तम’ थोडा उडाला. ‘येमूल’पर्यंत येता येता पेन रकान्याची रेघ ओलांडून सरळ वधूच्या चौकोनात शिरलं आणि तिथे मोठा वळसा घेऊन थांबलं.

कारकुनाने कपाळाला हात लावला. “आजोबा, तुमची सही तिकडे गेली की! आता नवा कागद काढावा लागेल.”

“राहू द्या हो,” मास्तर म्हणाले. “मी तिकडंच निघालोय.”

कारकून आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होता. मग श्रीनिवासची धाकटी मुलगी खिदळली, वैजयंतीला आवरेना, मागच्या रांगेत आपल्या पाळीसाठी बसलेलं एक कोवळं जोडपंही हसायला लागलं, आणि अखेर त्याने तो कागद तसाच महानंदाबाईंपुढे सरकवला. त्यांनी पदर सावरला, मास्तरांच्या वळशाच्या आत नीट जागा शोधली, आणि तिथेच आपलं नाव लिहिलं.